गुंड्याची वही

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात सातव्या मजल्यावर घर, अडीच महिन्यांचं लॅब्रॉडर पिल्लू, नाव गुंड्या. घरी येऊन तीन आठवडे झालेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात. दिवसभर घरात फक्त सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी नऊ वर्षांची. गुंड्या घरभर शू करतो, त्यातही पायपुसण्यांवर जास्त. हाताला चावतो, सासूबाईंचा पदर ओढतो. बिस्किट दिसलं तरच बसतो. रात्री रडतो. लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका, असं डॉक्टर म्हणालेत. शेजारच्यांचा सल्ला, शू केली की नाक त्यात घासा, दोन दिवसांत सरळ होईल. तर काय करावं?

नाक घासण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो उद्योग मी स्वतः केलेला आहे. कुत्री शिकवायच्या धंद्यात पडण्याच्या बऱ्याच आधी, पुण्यात दोन खोल्यांत राहत असताना, मी चिंगी नावाची एक गावठी कुत्री पाळली होती. मला तेव्हा सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. तीन दिवस नाक घासलं, वर पेपरची गुंडाळी आपटली. चौथ्या दिवसापासून फरशी कोरडी! मी मित्रांना मोठ्या तोऱ्यात सांगत सुटलो. मग दिवाळीच्या साफसफाईत पलंग सरकवला, तर मागच्या ट्रंकेचा पत्रा खालून गंजलेला आणि भिंतीलगत पांढरट डागांची रांग. चिंगी शिकली होती, पण वेगळंच काहीतरी: माणसासमोर करायचं नाही. त्याची खरी शिक्षा पुढे पावसाळ्यात मिळाली. तिला बाहेर नेलं की मी साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा, म्हणजे समोरच! अर्धा-अर्धा तास ती नुसती उभी राहायची, दोघंही भिजायचो, आणि घरात शिरल्या शिरल्या ती पलंगाखाली. ते मोडायला मला चार महिने लागले.

'पण त्याला चूक कळते हो, मान खाली घालतो' असंही तुम्ही लिहिलंय. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजात कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये हे तपासून पाहिलं होतं. कुत्र्यानं खाऊ चोरलाय असं मालकाला सांगायचं, कधी खरं, कधी खोटं. पडलेले कान आणि चोरटी नजर दिसली ती मालक रागावल्यावर, मग कुत्र्यानं खाऊ खाल्लेला असो वा नसो. गुंड्याची खाली गेलेली मान म्हणजे 'तुम्ही चिडलाय, मला भीती वाटतेय' एवढंच. अर्ध्या तासापूर्वीच्या डबक्याशी तो ती जोडूच शकत नाही. तुमचे साहेब कामावरून आल्यावर गुंड्या 'मुद्दाम' शू करतो म्हणता, ती तर आनंदाची आणि दबून जाण्याची शू. तेव्हा वाकून, चेहऱ्यासमोर हात आणून लाड करू नका. आत यायचं, चपला काढायच्या, पाच मिनिटांनी बसून हाक मारायची. रागावलात तर ती वाढेल.

आता कामाचं. तुमच्या घरातली खरी प्रशिक्षक तुमच्या सासूबाई आहेत, तुम्ही नाही. दिवसाचे नऊ-दहा तास गुंड्या त्यांच्यासोबत असतो, तेव्हा त्यांना जमेल तेच टिकेल. आणि यातली निम्मी विद्या त्यांना आधीच येते. तान्ह्या मुलाला दोन पायांवर धरून 'शूऽऽऽ' म्हणायचं, मूल मोकळं झालं की कौतुक करायचं. रोज त्या आवाजाबरोबर तेच घडलं की पुढे नुसत्या आवाजानं काम होतं. पिल्लाचं अगदी हेच आहे. फक्त 'शूऽऽऽ' सुरुवातीला त्यानं करायला घेतल्यावर म्हणायचं, आधी नाही. आठ-दहा दिवसांनी आधी म्हणून बघा.

जागा बाल्कनीतली ठेवा, म्हणजे गुडघ्यांना लिफ्टची दगदग नको. पण आधी ग्रिलच्या गजांमध्ये किती अंतर आहे ते पाहा. डोकं गेलं की अख्खं पिल्लू जातं. खाली दोन फूट उंचीपर्यंत जाळी बांधून घ्या, आजच. मग एक मोठा पसरट प्लॅस्टिकचा ट्रे, आणि त्यात नर्सरीत मिळतो तो लॉनचा तयार तुकडा. पेपर नको का? चालतो, मीही वर्षानुवर्षं पेपरच सांगत आलो. पण पिल्लू जागा लक्षात ठेवतं त्याहून पक्कं पायाखालचा पोत लक्षात ठेवतं. म्हणून तर गुंड्याला पायपुसणी आवडतात: मऊ, शोषून घेणारी, पायावर शिंतोडे न उडवणारी. पेपरवर शिकलेलं कुत्रं खाली बागेत नेलं की गोंधळतं, आणि घरी येऊन जमिनीवर उघडून ठेवलेल्या सकाळच्या पेपरवर मोकळं होतं. गवतावर शिकलं तर पुढे सोसायटीतलं गवत त्याला ओळखीचं वाटतं. तुकडा दोन-तीन आठवड्यांत सडायला लागतो, तेव्हा बदलताना जुन्या गवताची एक मूठ नव्यावर ठेवायची.

आणि घरातली सगळी पायपुसणी, चटया, जाजमं महिनाभर उचलून माळ्यावर टाका. लोक एवढं साधं करत नाहीत आणि मला फोन करत राहतात.

वेळांचा हिशेब असा. झोपेतून उठल्या उठल्या. खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात. खेळ रंगात आला की मध्येच. झोपण्याआधी. आणि हे काहीच नसेल तर जागेपणी तासाभरानं एकदा. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन तास थांबू शकतं, तीन महिन्यांचं तीन-साडेतीन, तेही झोपलेलं असेल तर. रडारड, ओरडा काहीही केलं तरी त्याची लघवीची पिशवी मोठी होत नाही.

यासाठी मी प्रत्येक घरात एक चाळीस पानी वही ठेवायला लावतो, फ्रिजवर, दोऱ्यानं पेन बांधून. गेल्या वर्षी एका घरातल्या वहीचं पान मी जपून ठेवलंय, कारण त्यात सगळं आहे:

'६.०५ उठला, शू, ट्रे. ६.४० खाणं. ६.५२ शी, ट्रे. ७.३५ शू, सोफ्याजवळ (फोन आला). ९.१० झोपला. ११.१५ उठला, शू, देवघराच्या दारात (कुकर उतरवत होते). १२.३० खाणं. १२.४३ शी, ट्रे.'

कंसातले शब्द वाचा. त्या बाईंना मी कंसात काही लिहायला सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून लिहिलं. चार दिवसांत त्यांना दिसलं, की खाण्यानंतर बारा-तेरा मिनिटांनी गाडी सुटतेच, आणि सव्वाअकराच्या सुमाराला कुकर आणि पिल्लू यांची रोज टक्कर होते. त्यांनी कुकर अर्धा तास आधी लावायला सुरुवात केली. देवघराचा दरवाजा त्या आठवड्यात एकदाही पुसावा लागला नाही.

बक्षीस ट्रेपाशीच द्यायचं, शेवटचा थेंब पडल्या पडल्या. दोन सेकंदांत. स्वयंपाकघरातून खाऊ आणेपर्यंत पिल्लाच्या डोक्यात हिशेब बदललेला असतो: 'स्वयंपाकघराकडे धावलं की खाऊ मिळतो.' त्यामुळे बाल्कनीच्या दाराशी झाकणाचा छोटा डबा टांगून ठेवा. आत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे, वाटाण्याच्या अर्ध्याएवढे. सकाळी थोडे काढायचे, दुपारी उरलेले फेकायचे, मुंबई-ठाण्याच्या हवेत पनीर लगेच आंबतं. बिस्किटं बंद. दूधही बंद करा, बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही आणि पातळ शीला वेळापत्रक नसतं.

जाता जाता, घरात पूजा होत असेल तर शिऱ्याचा प्रसाद गुंड्याला नाही. त्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा-लसणाचा रस्सा आणि चॉकलेटही नाही. रविवारच्या मटणातलं शिजलेलं हाड तर मुळीच नाही, त्याच्या फाका होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

सासूबाईंना त्याच्या मागे पळणं शक्य नाही, तर पळायची वेळ आणू नका. हलका, पाच-सहा फुटांचा पट्टा गळपट्ट्याला अडकवा आणि दुसरं टोक त्या बसतात त्या खुर्चीला. तो नजरेसमोर राहतो, जमीन हुंगत गोल फिरायला लागला की दिसतो. एकटा असताना मात्र पट्टा काढायचा, अडकून फास बसू शकतो. नजर ठेवायला कुणी नसेल तेव्हा लोखंडी जाळीचं कुंपण किंवा पिंजरा. पिंजरा म्हटलं की घरातली मोठी माणसं नाराज होतात. त्यांना सांगा, हे त्याचं पाळण्यासारखं आहे. आत जुनी गोधडी, दार उघडं, जेवण आतच. स्वतःच्या बिछान्यात कुत्रं सहसा घाण करत नाही, त्याचा आपण फायदा घेतो. पण आकार उभं राहता, वळता, पसरता येईल एवढाच, आणि दिवसा सलग दीड-दोन तासांच्या वर कोंडायचं नाही. तास न् तास कोंडलेलं पिल्लू नाइलाजानं बिछान्यातच करतं, आणि एकदा ती सवय मोडली की हाताशी काही उरत नाही.

चुकून झालंच तर? करताना सापडला तर टाळी नको, आरडाओरडा नको. 'चल चल' म्हणत उचलून ट्रेवर. नंतर दिसलं तर गपगुमान पुसा. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, मग एन्झाइमवालं (शूचे घटक मोडून वास मुळातून घालवणारं) क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. फिनेल नको. वासावर वास चढवून ते आपल्या नाकाला फसवतं, त्याच्या नाकाला नाही, आणि फिनेलची फरशी तुडवून पिल्लू पाय चाटतं ते वेगळंच. १९९३च्या बाँबस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या कुत्र्यानं ३,०००हून अधिक किलो आरडीएक्स हुंगून काढलं होतं. झंजीर लॅब्रॉडरच होता. त्याच्या जातभाईला काल सोफ्याखाली कुठे शू झाली होती हे फिनेलच्या वासाआडून कळणार नाही, असं समजू नका.

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि लहान पिल्लं त्यानं दोन-तीन दिवसांत जातात. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) आहेच. लसी एकदम का संपत नाहीत, तर आईच्या चिकातून मिळालेली ताकद लसीला काम करू देत नाही, आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत टोचत राहायचं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. तोपर्यंत सोसायटीच्या जमिनीवर सोडायचं नाही, हे कबूल.

पण जग ओळखीचं करून घेण्याची त्याच्या मेंदूची खिडकी साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच सताड उघडी असते. तुमच्याकडे आता जेमतेम तीन-चार आठवडे आहेत. त्यामुळे रोज पंधरा मिनिटं कडेवर घेऊन खाली जा. जमिनीला पाय लावायचा नाही. रिक्षा, शिट्टी वाजवणारा वॉचमन, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री उघडणारी माणसं, लिफ्टचा दरवाजा. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक तुकडा तोंडात. घरी ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग जेवताना अगदी हळू आवाजात लावा, दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवा. गणपतीत आणि दिवाळीत पलंगाखाली थरथरणारी कुत्री माझ्याकडे दरवर्षी येतात. चार वर्षांच्या कुत्र्यासाठी ज्या कामाला वर्ष लागतं, ते आत्ता महिन्याभरात होतं.

रात्रीचं रडणं. तो तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होता, आणि तुम्ही त्याला हॉलमध्ये एकटा ठेवलात. पिंजरा तुमच्या पलंगाशेजारी आणा, हात खाली सोडला तर लागेल इतका जवळ. झोपण्याआधी ट्रे. मग अडीचचा गजर लावा, त्याच्या रडण्याची वाट बघू नका. उचला, ट्रे, 'शूऽऽऽ', परत बिछान्यात. दिवा नाही, गप्पा नाहीत, लाड नाहीत. दर तीन-चार रात्रींनी गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला.

चावण्याबद्दल घाबरू नका. २८ दुधाचे दात, सुईसारखे. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतील, सहा-सात महिन्यांत ४२ पक्के येतील. पदर ओढतो, कारण पदर हलतो आणि ओढला की सासूबाई ओरडतात. त्याच्या दृष्टीनं यापेक्षा मजेशीर खेळणं घरात नाही. सकाळ-संध्याकाळ पदर खोचून घ्या. दात लागले की हात झटकू नका, झटकलेला हात पळणाऱ्या सशासारखा दिसतो. पुतळा व्हायचं, दुसऱ्या हातानं खेळणं द्यायचं. तरी थांबला नाही तर उठून पलीकडच्या खोलीत, अर्धा मिनिट. जुना नॅपकिन ओला करून गाठ मारा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरा वाटतो. नॅपकिन फाटायला लागला की काढून घ्या, नाहीतर चिंध्या पोटात जातील. संध्याकाळी सात-साडेसातला तो पिसाळल्यासारखा धावत, चावत सुटतो असं लिहिलंय. तो बहुधा दमलेला आहे. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते, आणि तुमच्याकडे शाळेतून आलेली मुलगी, मग तिच्या मैत्रिणी, मग तुम्ही दोघं. सहा वाजता तासभर पांघरूण घातलेल्या पिंजऱ्यात झोपवून बघा.

शिकवणीचं शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात सोपं. या वयात चार शब्द पुरे: बस, ये, सोड, थांब. सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. तुमच्याकडे साहेब 'सिट' म्हणतात, मुलगी 'सिट डाउन', सासूबाई 'खाली बस रे मेल्या'. गुंड्याला हे तीन वेगळे शब्द आहेत. मराठी शब्द घ्या, सासूबाईंच्या तोंडात तेच बसतील. फक्त 'बस'ची एक गंमत लक्षात ठेवा. माझ्या एका ओळखीच्या घरी आजोबा जेवताना 'बस बस, पुरे' म्हणायचे, आणि टेबलाखाली कुत्रा टुणकन बसून त्यांच्याकडे बघायचा. अर्थात त्याला पोळीचा तुकडा मिळायचा! आजोबांचं वजन कमी झालं, कुत्र्याचं वाढलं.

बिस्किट दिसल्याशिवाय न बसण्याचा उपाय असा. तुकडा त्याच्या नाकाशी धरून डोक्यावरून मागे न्या, डोकं वर जातं, बूड टेकतं. टेकताक्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. असं तीनदाच. चौथ्या वेळी हात रिकामा, हालचाल तीच, आणि बसला की तुकडा दुसऱ्या हातातून किंवा डब्यातून. तुमचं चुकलं ते इथे: तीन आठवडे बिस्किट हातात दाखवत राहिलात, म्हणून बिस्किट हाच त्याचा 'बस' हा शब्द झाला. शब्द उच्चारायचा तो हात हलवण्याच्या क्षणभर आधी, आणि एकदाच. 'बस, बस, अरे बस ना' म्हटलं की तो चौथ्याला बसायला शिकतो.

'ये'साठी मुलीला कामाला लावा. पॅसेजच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तुम्ही, आळीपाळीनं हाक, पोचला की तुकडा. तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बास. आणि घरात एक कडक नियम: 'ये' म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, नखं कापायची नाहीत. ती कामं करायची असतील तर जाऊन उचलून आणायचं. 'सोड' म्हणजे अदलाबदल: चप्पल सोड, चिकन घे. हिसकावून घेतलीत तर पुढच्या वेळी तो चप्पल घेऊन सोफ्याखाली जाईल, आणि तिथून गुरगुरायला शिकेल. 'थांब' दारात शिकवा. दार उघडताना पुढे सरकला की दार बंद, थांबला की उघडं. बोलायचीही गरज पडत नाही.

एवढं करूनही तो तासात चार-पाच वेळा थेंब-थेंब करत असेल, शू करताना कण्हत असेल किंवा लालसर दिसत असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, लघवीची तपासणी करून घ्या. मागे एका पिल्लाला मी दोन आठवडे वही लिहायला लावत होतो आणि त्याला मुळात संसर्ग झाला होता. मला ते वहीतूनच कळायला हवं होतं, दिवसात तेवीस नोंदी होत्या.

चार-सहा महिन्यांचा होईपर्यंत अधूनमधून फरशी ओली होणारच. दोन आठवड्यांनी मला वहीच्या पानांचे फोटो पाठवा. कंसांसकट. गुंड्याचे फोटो नाही पाठवलेत तरी चालेल, लॅब्रॉडरचं पिल्लू कसं दिसतं ते मला माहीत आहे, आणि ते बघितलं की मी नको तितका मवाळ होतो.